फळ कोणाचे? संगीतमहोत्सव आणि यजमानपणाचा प्रश्न

संगीतमहोत्सवाला जे श्रम लागतात, त्यांतील मोठा भाग अशा माणसांकडून होतो ज्यांना त्या महोत्सवातील संगीत ऐकायला मिळत नाही. मांडवाच्या दाराशी प्रवेशिका तपासणारे, वाहनतळावर गाड्या लावून घेणारे, जनरेटरपाशी रात्र काढणारे, स्वच्छतागृहे धुणारे, कलावंतांच्या उतरण्याची, जेवणाची आणि परतीच्या गाडीची तजवीज करणारे असे अनेक जण महोत्सवाच्या आवारात असूनही त्याच्या गाभ्यापासून दूर राहतात. व्यवस्थेतील अटळ गोष्ट म्हणून हे सोडून देता येते, आणि बहुधा ते सोडूनच दिले जाते. परंतु जिथे संगीत उपासना म्हणून मांडले जाते, गुरूच्या स्मरणार्थ अर्पण केले जाते आणि त्याच्या श्रवणाला करमणुकीपलीकडचे मोल दिले जाते, तिथे हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो. अनेकांच्या हातांनी एकच कर्म सिद्ध होत असेल तर त्याचे फळ कोणाचे, आणि ज्याच्या वाट्याला ते फळ येतच नाही त्याचे त्या कर्माशी नाते कोणते, असा तो प्रश्न आहे. भारतीय परंपरेने तो यज्ञाच्या संदर्भात फार पूर्वी आणि फार बारकाईने विचारलेला आहे. त्या विचाराशी आजच्या महोत्सवाची गाठ घातली, की महोत्सवाचे धर्मपण मंचावर कोण बसतो यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कामाच्या पाळ्या कशा लावल्या जातात यावरही अवलंबून असते, असे दिसून येते.

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे या विवेचनासाठी सोयीचे उदाहरण आहे. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे १९५२ साली निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ या उत्सवाचा आरंभ झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने भरणाऱ्या या महोत्सवाची धुरा त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी कित्येक दशके वाहिली. आयोजनाचा भार उचलणारेही तेच होते आणि अखेरच्या सत्रात गाऊन सांगता करणारेही तेच होते. २०११ साली त्यांचे निधन झाल्यावर गुरूच्या नावाला शिष्याचेही नाव जोडले गेले. दीर्घकाळ रमणबागेच्या मैदानावर आणि नंतर मुकुंदनगरात भरणारा हा सोहळा उगमाने पाहिला तर गुरुऋण फेडण्याचा विधी आहे, आणि आजच्या रूपाने पाहिला तर हजारो श्रोत्यांचा, प्रवेशिकांचा, प्रायोजकांचा, परवान्यांचा आणि कंत्राटांचा व्यवहार आहे. विधी आणि व्यवहार या दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांचा प्रश्न निर्माण होतो.

अशा महोत्सवाचे नियोजन म्हणजे वरवर पाहता गाण्याचे वेळापत्रक असते. कोणत्या सत्रात कोणत्या प्रहराचे राग येतील, उमेदीच्या गायकाला आरंभी बसवावे की दोन बुजुर्गांच्या मध्ये, वाद्यवादन कुठे घालावे, हे त्यात ठरते. या छापील वेळापत्रकाखाली मात्र दुसरे, न छापलेले वेळापत्रक असते आणि ते राबणाऱ्या माणसांचे असते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकानंतर काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिका येणार असतील, तर तानपुऱ्यांची वेगळी जोडी आतल्या खोलीत आधीच लावून ठेवावी लागते, आणि डिसेंबरच्या गार हवेत ती मांडवात आणली की सूर हलत असल्याने मंचावर बसल्यावर मणी सरकवून ती पुन्हा जुळवावी लागते. तेवढ्या वेळात एक जण चुरगळलेली चादर ताणून घेतो, दुसरा गायकाचा, तानपुऱ्यांचा, हार्मोनियमचा आणि तबल्या-डग्ग्याचा माइक नव्या उंचीला आणतो, तिसरा पायात येणाऱ्या वायरी चिकटपट्टीने बसवतो, तबलजी हातोडीने घरे सारखी करत असतो आणि निवेदक परिचय थोडा लांबवतो. ध्वनियंत्रणेच्या मेजावरचा माणूस गायकाच्या बोटाच्या खुणेकडे पाहून त्याच्यासमोरच्या स्पीकरमध्ये तानपुरा किंचित वाढवतो. पहिला षड्ज लागतो तेव्हा ही माणसे नजरेआड झालेली असतात, आणि त्यांचे नजरेआड होणे हेच त्यांच्या कामाचे यश समजले जाते.

या माणसांचे ऐकण्याच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात. ध्वनिसंयोजकासारख्यांना ऐकणे हेच काम असते, जरी त्यांचे लक्ष रागाच्या बढतीपेक्षा स्पीकरमध्ये शिट्टी वाजू नये याकडे अधिक असले. मंचाच्या कडेला उभ्या असलेल्यांना कामाच्या फटीतून जे कानांवर पडेल तेवढे मिळते. आणि फाटकावर, वाहनतळावर, भांड्यांच्या टाकीपाशी असलेल्यांना लाउडस्पीकरचा लांबून येणारा आवाज सोडला तर काहीच मिळत नाही. मोबदला आणि प्रतिष्ठाही साधारणपणे याच क्रमाने उतरत जातात, हे योगायोगाचे मानता येत नाही.

कर्म एकाने करावे आणि फळ दुसऱ्याला मिळावे, हे कसे संभवते याची चर्चा पूर्वमीमांसेने केली आहे. पूर्वमीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून यज्ञकर्माचे नियम ठरवणारे दर्शन. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचे शेवटचे दोन पाद आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य यांत या प्रश्नाचा विस्ताराने विचार आढळतो. सोमयागात सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म चालवणारे पुरोहित, लागतात. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चार प्रमुख आणि प्रत्येकाच्या हाताखाली तिघे. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू प्रत्यक्ष हातांची कामे करतो, उद्गाता सामगान करतो, आणि ब्रह्मा बहुतांशी मौन राखून सगळीकडे लक्ष ठेवतो व चूक झालीच तर प्रायश्चित्ताने ती सावरतो. सामगानसुद्धा एकट्याचे नसते, कारण त्याचा प्रस्ताव प्रस्तोता गातो, उद्गीथ उद्गाता गातो, प्रतिहार प्रतिहर्ता गातो आणि निधन नावाचा अखेरचा भाग सर्व मिळून गातात. सामूहिक गायनात कामाची वाटणी कशी करावी याचा हा फार जुना नमुना आहे.

आता ज्याच्या संकल्पाने आणि द्रव्याने हे सारे घडते, त्या यजमानाने स्वतः फार थोडे केलेले असते, आणि तरीही यज्ञाचे फळ त्यालाच मिळते असे मीमांसक म्हणतात. त्यासाठी ते परिक्रयाची कल्पना मांडतात. परिक्रय म्हणजे ठरावीक मोबदल्यावर ठरावीक काळापुरती सेवा विकत घेणे. या दृष्टीने ऋत्विजांची दक्षिणा हे दान नसून कामाची किंमत आहे. ती दिली गेली की ऋत्विजाचे हात यजमानाचेच हात ठरतात आणि फळ यजमानाकडे जाते. या नियमाला असलेला एक अपवाद महत्त्वाचा आहे. यज्ञातील मंत्रांत ज्या प्रार्थना असतात, त्यांचे फळ सामान्यतः यजमानाचे मानले जाते. परंतु अध्वर्यूने स्वतःला इजा होऊ नये म्हणून केलेल्या प्रार्थनेचे फळ अध्वर्यूचेच मानले जाते, कारण तो धडधाकट राहिला तरच कर्म तडीला जाणार. काम करणाऱ्याची सुरक्षितता ही त्याची स्वतःची असून तिचा यजमानालाही उपयोग आहे, असा हा निवाडा आहे, आणि विजेच्या तारा, उंच लोखंडी सांगाडे व गर्दीचे लोट यांच्यात माणसे राबवणाऱ्या आजच्या कोणत्याही आयोजकाला तो लागू पडतो.

मीमांसेच्या या मांडणीत एक रोखठोक प्रामाणिकपणा आहे. ती श्रमाला पुण्याच्या भाषेत गुंडाळत नाही. काम घेतले तर दाम द्यावा, आणि तो उपकार म्हणून न देता देणे म्हणून द्यावा, असे ती सांगते. मंडपवाल्याचे, वाहनचालकाचे किंवा सफाई कामगाराचे पैसे ठरल्या दिवशी चुकते करणारा आयोजक या कसोटीला उतरतो. तरीही ही मांडणी महोत्सवाला जशीच्या तशी लावता येत नाही, कारण दोन्हीकडील फळांची जात वेगळी आहे. यज्ञाचे फळ अपूर्वाच्या द्वारे, म्हणजे कर्मातून निर्माण होऊन पुढे फळ देणाऱ्या अदृश्य सामर्थ्याच्या द्वारे, यजमानाला मिळते. आहुती कोणाच्या हाताने पडली याने त्यात फरक पडत नाही. संगीताचे फळ म्हणजे रस, आणि तो दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. आयोजकाने कितीही खर्च केला आणि स्वतः मात्र मुख्यतः हिशेबाच्या खोलीत बसून राहिला, तर महोत्सवाची कीर्ती त्याची होईल, पण त्या रात्रीचा मालकंस त्याचा होणार नाही. तसेच फाटकावरच्या माणसाने मजुरी घेतली म्हणून त्याने ऐकण्याचा हक्क विकला असेही म्हणता येत नाही, कारण जे हस्तांतरित होऊच शकत नाही ते विकताही येत नाही. परिक्रयाने त्याचा वेळ घेतला जातो आणि त्या वेळेबरोबर त्याच्या वाट्याचा रस कोणालाही न मिळता नाहीसा होतो.

हा लोप कसा घडतो हे अभिनवगुप्ताच्या रसविचारावरून अधिक स्पष्ट होते. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या या आचार्याने नाट्यशास्त्रावरील अभिनवभारती या टीकेत रसास्वादाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. त्यांतील एक विघ्न म्हणजे आपल्याच सुखदुःखांच्या अधीन होऊन जाणे. ज्याचे मन स्वतःच्या चिंतेत गुंतले आहे, त्याच्यासमोर कितीही उत्तम प्रयोग झाला तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या विघ्नावर अभिनवगुप्त जे उपाय सांगतो त्यांत गायन, वादन आणि सजवलेला मंडप यांचा समावेश होतो. श्रोत्याला स्वतःचा विसर पडावा म्हणून मंडप उभा करायचा, असा याचा अर्थ घेतला, तर तो मंडप उभारणारे आणि राखणारे दुसऱ्यांची विघ्ने दूर करत असताना स्वतः त्याच विघ्नात अडकलेले असतात हे ध्यानात येते. जनरेटरचे डिझेल किती उरले आहे, पुढच्या कलावंताची गाडी वाहतुकीत अडकली आहे का, गर्दी दारावर रेटते आहे का, या चिंता त्यांच्या कामाचा भागच असतात. श्रोत्याची निश्चिंतता म्हणजे कोणीतरी त्याच्यासाठी वाहिलेली चिंता असते.

नाट्यशास्त्राला या गोष्टीची जाण होती. त्याच्या पहिल्या अध्यायातील कथेनुसार पहिलाच नाट्यप्रयोग विघ्नांनी उधळला, तेव्हा नाट्यगृहाच्या रक्षणासाठी ब्रह्मदेवाने देवांच्या नेमणुका केल्या. मंडपावर चंद्र, दिशांवर लोकपाल, नेपथ्यभूमीवर म्हणजे रंगभूषेच्या जागेत मित्र, वेदिकेवर अग्नी, अशी ती यादी आहे. द्वारावर उभे राहणे किंवा आतली खोली राखणे ही कामे इथे देवांकडे सोपवलेली आहेत, आणि त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात नाट्यमंडळाच्या घटकांत सूत्रधार व नट यांच्याबरोबर मुकुट घडवणारा, माळा गुंफणारा, वस्त्रे रंगवणारा यांचीही गणना केलेली आहे. प्रयोग हा मंचापुरता नसतो, त्याच्या परिघावर काम करणाराही त्याचा घटक असतो, ही समज परंपरेत अशी नोंदलेली आहे. अडचण ती समज व्यवहारात टिकण्याची आहे.

घटक असणे आणि फळाचा वाटेकरी असणे यांतील अंतर मिटवण्याचा एक मार्ग खुद्द यज्ञसंस्थेतच सापडतो. सत्र नावाच्या दीर्घ सोमयागात वेगळा यजमान नसतो. किमान सतरा जण एकत्र येऊन संकल्प करतात, तेच यजमान असतात आणि तेच ऋत्विजांची कामे करतात. तिथे कोणी कोणाला विकत घेत नाही म्हणून दक्षिणाही नसते, आणि फळाचे सतरा तुकडे न होता प्रत्येकाला संपूर्ण फळ मिळते असे मीमांसक मानतात. स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहणारे महोत्सव या सत्राच्या जवळचे आहेत. डेन्मार्कमधील रॉस्किल्डे महोत्सव १९७१ पासून भरतो. तो नफ्यासाठी चालत नाही आणि हजारो स्वयंसेवक ठरावीक तासांच्या पाळ्या करून त्याच्या बदल्यात उरलेल्या वेळेत श्रोते म्हणून वावरतात. रसाच्या बाबतीत तर सत्राचा नियम अधिकच चपखल बसतो, कारण एकाने ऐकल्याने दुसऱ्याचे ऐकणे कमी होत नाही.

सत्राच्या कल्पनेलाही मर्यादा आहेत, आणि त्या मीमांसकांनीच दाखवल्या आहेत. सत्र चालू असताना सहभागींपैकी एखादा दगावला तर संख्या भरून काढण्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागतो. तो यजमान ठरतो काय, या प्रश्नाला मीमांसेचे उत्तर असे आहे की तो केवळ काम करणारा आहे, फळाचा स्वामी नाही, मात्र यजमानांना लागू असलेले सर्व नियम त्याने पाळले पाहिजेत. व्रत तेच आणि वाटा मात्र नाही, अशी ही स्थिती आहे, आणि ऐनवेळी मजूर-कंत्राटदाराकडून बोलावलेल्या माणसाची स्थिती तिच्याहून फारशी वेगळी नसते. शांतता त्यानेही राखायची, ओळखपत्र त्यानेही गळ्यात अडकवायचे, पण महोत्सव आपला म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. दुसरी मर्यादा अधिकाराची, म्हणजे कर्म करण्यास लागणाऱ्या पात्रतेची आहे. ३० जून २००० रोजी रॉस्किल्डे येथेच पर्ल जॅम या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात मंचासमोरच्या गर्दीत सापडून नऊ जणांचा मृत्यू झाला. सर्वांचे प्रेम आणि सर्वांचा सहभाग असला तरी गर्दी कोणत्या क्षणी जीवघेणी होते हे ओळखण्याचे आणि त्या क्षणी गाणे थांबवण्याचे सामर्थ्य त्यातून आपोआप येत नाही. त्यासाठी ज्ञान, सराव आणि ज्याच्या शब्दाला मंचावरही मान द्यावा लागेल असा नेमलेला माणूस लागतो. यज्ञातील मौनी ब्रह्म्याचे स्थान इथे समजते, कारण सर्वांनी गायचे म्हटले तरी एकाने न गाता पाहत राहणे आवश्यक असते.

अधिकाराच्या कल्पनेची तिसरी बाजू काळी आहे. मीमांसेने यज्ञाचा अधिकार शूद्रांना नाकारला आणि सत्र तर ब्राह्मणांपुरतेच ठेवले. म्हणून फळाविषयीचे तिचे तर्क घेता आले तरी तिची समाजरचना घेता येत नाही. संगीताच्या क्षेत्रातही असा अधिकार नाकारला गेला आहे. तिरुवैयारू येथे कर्नाटक संगीतातील रचनाकार त्यागराज यांच्या समाधीवर बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतील गायिकेने १९२०च्या दशकात स्वतःच्या पैशाने मंदिर उभारले, पण आराधनेचे उत्सव चालवणाऱ्या पुरुषांच्या गटांनी स्त्रियांना तिथे गाऊ दिले नाही, तेव्हा तिने स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली आणि गटांचे एकत्रीकरण होऊन स्त्रियांना वाट मोकळी होईपर्यंत बराच काळ गेला. द्रव्य देणाऱ्या, म्हणजे यजमानाच्या जागी असलेल्या व्यक्तीलाही फळापासून दूर ठेवता येते, हे त्यातून दिसते. आज महोत्सवांतील स्वच्छतेचे काम बहुतेक वेळा कोणत्या समाजाच्या वाट्याला येते हे पाहिले, तर कामाची यादी करणाऱ्याच्या लेखणीतून जुनी उतरंड पुन्हा उमटू शकते, हे मान्य करावे लागते.

या सगळ्याला सेवाभावाचे उत्तर दिले जाते. वाराणसीच्या संकटमोचन मंदिरातील संगीत समारोहात कलावंत मानधनाची अपेक्षा न ठेवता हनुमंताच्या चरणी हजेरी लावतात आणि श्रोत्यांना प्रवेशमूल्य नसते. तिथे गाणे हीच सेवा असल्याने गाणाऱ्याचा त्याग स्वेच्छेचा असतो आणि त्याला त्या त्यागात रसही मिळतो. अडचण तेव्हा उद्भवते जेव्हा याच भाषेत दुसऱ्याकडून त्यागाची अपेक्षा केली जाते. गीतेने सांगितलेले निष्काम कर्म, म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म, हे स्वतःच स्वतःला लावून घेण्याचे तत्त्व आहे. फळाचा त्याग तोच करू शकतो ज्याच्यासमोर फळ होते. ज्याला ते देऊच केले नाही त्याच्या वंचनेला त्याग म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. आयोजकाने स्वतः गाणे न ऐकता रात्रभर कामे पाहिली तर ते तप ठरेल, पण सफाई कामगाराच्या रात्रीला आयोजकाने तप म्हणणे हा दुसऱ्याच्या पदरातील पुण्य परस्पर जाहीर करण्याचा प्रकार होईल. गीतेच्या सतराव्या अध्यायात यज्ञाचे तीन प्रकार सांगताना ज्या यज्ञात अन्नाचे वाटप नाही आणि दक्षिणा नाही त्याला तामस म्हटले आहे, ही गोष्ट सेवेच्या नावाखाली उपाशी आणि बिनपगारी राबवून घेणाऱ्या कोणत्याही उत्सवाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गीतेच्याच अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ सामान्यतः देह असा करतात, पण सामूहिक कर्माच्या संदर्भात तो मैदान आणि मांडव यांच्यापर्यंत वाढवायला हरकत नसावी. दैवाचा अनुभव पुण्याच्या महोत्सवानेही घेतला आहे, कारण २००९चा महोत्सव स्वाइन फ्लूच्या साथीमुळे जानेवारी २०१० पर्यंत पुढे ढकलावा लागला आणि २०२० साली करोनामुळे तो होऊच शकला नाही. गीता पुढे असे सांगते की ही पाच कारणे असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे. हे वचन व्यक्तीचा अहंकार गाळण्यासाठी आहे, पण महोत्सवाच्या जाहिरातीत, सत्कारात आणि इतिहासलेखनात जेव्हा एकट्या गायकाचे किंवा एकट्या संस्थापकाचे कर्तेपण सांगितले जाते तेव्हाही ते लागू होते.

सेवा, परिक्रय आणि सत्र या तिन्हींपेक्षा वेगळी वाट महाराष्ट्राच्या वारकरी व्यवहारात आहे, आणि ती नियोजनाच्या तपशिलातच आहे. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. त्यासाठी पहाऱ्याची यादी लावली जाते, आणि कोणाचा पहारा किती ते किती हे फळ्यावर नावानिशी लिहिलेले असते. रात्री दोनच्या पहाऱ्याचा माणूस अर्धवट झोपेतून उठून हातपाय धुऊन येतो, आधीचा विणेकरी आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम न तुटता एक जण झोपायला जातो. दिवसा जो पंगतीत वाढत होता तोच संध्याकाळी कीर्तनाला टाळ घेऊन उभा असतो, आणि काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाला सगळे एका पंगतीला बसतात. सप्ताहांतही मानापानाचे वाद होतात आणि स्वयंपाकाच्या चुलीपाशी बहुधा स्त्रियाच अधिक काळ राहतात, म्हणून त्याचे चित्र निर्दोष म्हणून रंगवण्याचे कारण नाही. तरी तिथे पाळीची यादी ही केवळ कामाची सोय न राहता उपासनेचा भाग होते, कारण राबणे आणि ऐकणे ही दोन कामे दोन वर्गांना वाटलेली नसून एकाच माणसाच्या दिवसात आळीपाळीने येतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मजुरीवर आलेल्या प्रत्येकाला ख्यालगायन ऐकायचेच असते असे मानणे हा रसिकांचा अहंकार आहे. त्याला कामाचा रास्त दाम, वेळेवर जेवण आणि घरी जाऊन झोप हवी असेल, तर संगीताचे फळ त्याच्या गळी उतरवण्याचे कारण काय? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यातून कर्तव्य कमी न होता उलट नेमके होते. द्यायची आहे ती ऐकण्याची मुभा, सक्ती नव्हे. आणि ज्याला झोप हवी आहे त्याच्या बाबतीत पाळी वेळेवर सुटणे हेच त्याच्या वाट्याचे फळ समजावे. न ऐकण्याचाही हक्क असतो हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शेजाऱ्यांच्या संदर्भात मान्य केले आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांवर बंदी आणि वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत, या तरतुदीमुळे रात्रभर चालणाऱ्या मैफलींची प्रथा खुल्या मैदानांवरून उठली. उत्तररात्रीचे राग त्या वेळी ऐकण्याचे सुख त्यामुळे गेले हे खरे, पण रसिकांच्या रात्रीसाठी जागणाऱ्यांना आणि जागे ठेवल्या जाणाऱ्यांना ती रात्र परत मिळाली हेही तितकेच खरे आहे.

दुसरा आक्षेप असा, की काही कामे पाळीने करता येत नाहीत. ध्वनिसंयोजक, विजेचा तंत्रज्ञ, डॉक्टर यांची जागा कोणाही श्रोत्याला देता येत नाही. हेही मान्य करावे लागते, कारण पात्रतेचा विचार सोडून समता आणली तर तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. परंतु ज्या कामांना विशेष पात्रता लागत नाही, म्हणजे फाटक, वाहनतळ, पाणी, बैठक, आवराआवर, ती नेमकी तीच असतात ज्यांच्या वाट्याला रस सर्वांत कमी येतो, आणि म्हणून तिथे पाळी फिरवणे सर्वांत सोपे व सर्वांत अधिक न्याय्य असते. ती फिरवली जात नाही याचे कारण तांत्रिक नसून ती माणसे श्रोता होऊ शकतात ही शक्यताच आयोजकाच्या डोळ्यांसमोर आलेली नसते.

यज्ञाची चौकट संगीताला लावताना मीमांसेचा निष्कर्ष म्हणूनच उलटा करून घ्यावा लागतो. तिथे फळ हस्तांतरित होत असल्यामुळे एक यजमान पुरेसा होता. इथे ते होत नसल्यामुळे जो जो त्या आवारात राबतो त्याला थोडा वेळ तरी यजमानाच्या जागी बसवावे लागते. मजुरी वेळेवर द्यावी, पात्रतेचे काम पात्र माणसाकडेच द्यावे, आणि उरलेल्या कामांच्या पाळ्या अशा लावाव्यात की प्रत्येकाच्या दिवसात, त्याची इच्छा असेल तर, एक संपूर्ण गाणे बसेल, एवढे तीन नियम पाळले तरी महोत्सव आणि विधी यांच्यातील विसंगती पुष्कळशी मिटते. यांतील पहिले दोन नियम कायद्याने आणि धंद्याच्या शिस्तीने पाळले जाऊ शकतात. तिसरा कोणत्याही कायद्यात नाही आणि त्याने आयोजकाचा खर्चही थोडा वाढतो. त्यामुळे संगीताला उपासना म्हणणाऱ्याचे म्हणणे खरे आहे की नाही, याची परीक्षा त्या तिसऱ्या नियमापाशीच होते.